व्हिएतनाम आणि कंबोडियाची युद्धं: तुम्ही वारंवार विचारता ते प्रश्न

आपल्याकडून व्हिएतनाम-कंबोडियाच्या टूरवर जाणारे हल्ली खूप वाढलेत, आणि मी दोनदा जाऊन आलेय, या विषयावर वाचत असते हे ओळखीच्यांना माहितीये, त्यामुळे जायच्या आधी आणि आल्यावर सगळे मला जवळपास तेच तेच विचारतात. ते प्रश्न इथे एकत्र केलेत, आधी सोपे, मग किचकट. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. इंडोचायना म्हणजे नक्की काय? हे तिन्ही देश आधी एकच होते का?

नाही, कधीच नव्हते. फ्रेंचांनी १८६२ ला दक्षिण व्हिएतनामचा लचका तोडला, १८६३ ला कंबोडियाच्या राजाला आपल्या संरक्षणाखाली घेतलं, १८८७ ला या सगळ्याची इंडोचायना नावाने मोट बांधली आणि १८९३ ला लाओस त्यात आलं. व्हिएतनामचेही त्यांनी तीन तुकडे केले, उत्तरेला टोंकिन, मधे अन्नाम, दक्षिणेला कोचिनचायना. मीठ, दारू आणि अफूचा मक्ता सरकारचा (मिठाचं वाचून आपल्याला दांडी आठवणारच), आणि रबराच्या मळ्यांवर मजुरांचे अतोनात हाल.

संस्कृतीही वेगळ्या. व्हिएतनामवर चीनची छाप, तर कंबोडियाची लिपी दक्षिण भारतातल्या लिपीतून गेलेली, धर्मभाषा पाली, आणि अंकोरच्या देवळांच्या भिंतींवर रामायण-महाभारत. आणि एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा, कंबोडियाचा कारभार चालवायला फ्रेंचांनी व्हिएतनामी कारकून आणून बसवले, म्हणजे साध्या कंबोडियन माणसाला गोरा साहेब क्वचित दिसायचा, रोज समोर असायचा तो व्हिएतनामी. पुढे प्रश्न १२ ला याचा संबंध लागेल.

२. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स स्वतःच हरला होता ना? मग १९४५ नंतर तिथे परत कसा काय आला?

या उत्तरात आपणही आहोत, आणि शाळेत हे कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९४० मधे जपानी सैन्य इंडोचायनात आलं, फ्रेंच अधिकारी नावापुरते खुर्चीत राहिले, मार्च १९४५ ला जपान्यांनी त्यांनाही तुरुंगात टाकलं. त्याच काळात उत्तरेत भयंकर दुष्काळ पडला, लाखो माणसं भुकेने गेली. ऑगस्टमधे जपानने शरणागती पत्करली आणि २ सप्टेंबर १९४५ ला हनोईच्या बा दिन्ह मैदानात व्हिएतनामी कम्युनिस्टांचे नेते हो ची मिन्ह यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि भाषणाची सुरुवात केली अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातल्या वाक्याने. त्यांना खरंच वाटत होतं की अमेरिका आपल्या बाजूने उभी राहील.

पण दोस्त राष्ट्रांनी आधीच ठरवून टाकलं होतं की जपान्यांची शस्त्रं उतरवायला १६ व्या अक्षांशाच्या उत्तरेला चिनी सैन्य जाईल आणि दक्षिणेला ब्रिटिश. ब्रिटिश म्हणजे जनरल ग्रेसी, आणि त्याच्या हाताखाली होती २० वी इंडियन डिव्हिजन. म्हणजे सायगावच्या रस्त्यावर गस्त घालणारे बरेचसे जवान आपले. ग्रेसीने कैदेतल्या फ्रेंच सैनिकांना सोडलं, हत्यारं दिली, २३ सप्टेंबरला त्यांनी सायगावच्या सरकारी इमारती ताब्यात घेतल्या, आणि मग जो उठाव झाला तो दाबायला भारतीय सैनिक तर वापरलेच, वर नुकत्याच शरण आलेल्या जपान्यांनाही परत बंदुका दिल्या. नेहरू आणि काँग्रेसने यावर जाहीर संताप व्यक्त केला, की आमची माणसं दुसऱ्याचं स्वातंत्र्य चिरडायला कशी काय वापरता. १९४६ च्या सुरुवातीला आपले जवान तिथून निघाले, तोवर फ्रान्स परत पाय रोवून बसला होता. त्या वर्षी नोव्हेंबरात फ्रेंचांनी हायफाँग बंदरावर तोफा डागल्या आणि डिसेंबरात युद्ध पेटलं.

३. दिएन बिएन फू एवढं का गाजलं? एक लढाईच तर होती.

कारण वसाहतीतल्या लोकांनी युरोपियन सैन्याला समोरासमोर, ठाण मांडून लढल्या गेलेल्या लढाईत हरवलं. लाओसच्या सीमेजवळच्या एका दरीत फ्रेंचांनी छावणी टाकली, विमानाने रसद आणायची आणि शत्रूला उघड्यावर खेचायचं असा बेत. आजूबाजूच्या डोंगरांवर तोफा चढवणं शक्यच नाही असं त्यांनी धरून चाललं होतं.

हो ची मिन्ह यांचा सेनापती जनरल गियाप, त्याच्या माणसांनी त्या तोफा दोराने ओढत, हाताने वर नेल्या. आणि मला सगळ्यात थक्क करतं ते पुढचं: जानेवारी १९५४ मधे हल्ल्याची सगळी तयारी झाल्यावर गियापने ठरवलं की असं घाईत जमणार नाही, आणि ज्या तोफा हाताने चढवल्या होत्या त्याच हाताने परत खाली ओढून आणायला लावल्या, नव्याने डोंगराच्या पोटात खोदून बसवल्या आणि १३ मार्चला पहिला गोळा टाकला. तांदूळ यायचा सायकलींवर, हँडलला बांबू बांधून माणूस शेजारून ढकलत चालायचा, एका सायकलवर २०० किलो आणि त्याहून जास्तही. "त्यांच्या तोफा मी गप्प करतो" असा विश्वास देणारा फ्रेंच तोफखान्याचा प्रमुख कर्नल पिरॉथ याने सुरुवातीच्या दिवसांतच हातबाँबने आत्महत्या केली. ७ मे ला छावणी पडली. साधारण १० हजार सैनिक कैद झाले, त्यातले निम्म्याहून जास्त परत आलेच नाहीत, हेही सांगायला हवं.

तोवर या युद्धाचा बहुतेक खर्च अमेरिका करत होती. म्हणजे "अमेरिका नंतर आली" हे अर्धंच खरं आहे (प्रश्न ५).

४. व्हिएतनामची फाळणी कोणी केली? आपल्यासारखीच होती का?

आपल्यासारखी नव्हती. जुलै १९५४ च्या जिनिव्हा करारात १७ व्या अक्षांशावर जी रेघ मारली ती फक्त दोन्ही सैन्यांना वेगळं करायला, तात्पुरती (उत्तर हो ची मिन्ह यांच्याकडे, दक्षिण त्यांच्या विरोधातल्या सरकारकडे), आणि जुलै १९५६ ला सगळ्या देशात निवडणूक घेऊन एकत्र यायचं असं ठरलं होतं. दक्षिणेच्या सरकारने त्यावर सही केली नाही, अमेरिकेनेही नाही. निवडणूक झालीच नाही, कारण हो ची मिन्ह जिंकतील हे सगळ्यांना दिसत होतं. दक्षिणेचा पंतप्रधान न्गो दिन्ह झिएम याने १९५५ ला एक सार्वमत घेतलं आणि ९८ टक्क्यांहून जास्त मतं मिळाल्याचं जाहीर केलं, सायगावमधे तर नोंदलेल्या मतदारांपेक्षा जास्त मतं पडली!

मधल्या मुदतीत उत्तरेतून ८ ते १० लाख लोक दक्षिणेत गेले, बरेचसे कॅथलिक. ज्यांनी घरात फाळणीच्या गोष्टी ऐकल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको. करारावर देखरेख करायला जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला त्यात कॅनडा, पोलंड आणि अध्यक्ष म्हणून भारत. आपले अधिकारी आणि जवान तिथे वर्षानुवर्षं होते, पण आयोगाकडे अहवाल लिहिण्यापलीकडे अधिकारच नव्हते. १९६२ मधे भारत आणि कॅनडाने मिळून अहवाल दिला की उत्तर दक्षिणेत घातपात करतंय आणि दक्षिण करार मोडून अमेरिकेची लष्करी मदत घेतंय. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि कोणीच ऐकलं नाही.

५. अमेरिका नक्की कधी युद्धात उतरली? प्रत्येक ठिकाणी वेगळं साल दिसतं.

कारण ती एका दिवशी उतरलीच नाही. १९५० ला पैसे, १९५४ नंतर झिएमच्या सैन्याला प्रशिक्षण, केनेडीच्या काळात सल्लागार वाढत वाढत १९६३ पर्यंत १६ हजार. त्या वर्षी जूनमधे सायगावच्या चौकात थिक क्वांग डुक या बौद्ध भिक्षूने सरकारी छळाविरुद्ध स्वतःला जाळून घेतलं, नोव्हेंबरात झिएमच्या स्वतःच्याच सेनापतींनी अमेरिकेच्या मूक संमतीने त्याला उलथवून मारलं. मग १९६४ चं टोंकिनच्या आखातातलं प्रकरण: २ ऑगस्टला अमेरिकन जहाजावर हल्ला झाला हे खरं, पण ४ ऑगस्टचा जो दुसरा हल्ला सांगून अमेरिकेच्या काँग्रेसकडून, म्हणजे तिथल्या संसदेकडून, युद्धाची मोकळीक मिळवली तो झालाच नव्हता. ठराव एका सभागृहात ४१६ विरुद्ध ०, दुसऱ्यात ८८ विरुद्ध २ असा पास झाला. ८ मार्च १९६५ ला दा नांगच्या किनाऱ्यावर अमेरिकेचे मरीन सैनिक उतरले, आणि १९६९ मधे तिथल्या अमेरिकन सैनिकांचा आकडा ५ लाख ४३ हजारांवर गेला होता.

६. व्हिएत मिन्ह, व्हिएत काँग, एनव्हीए, हे सगळे एकच का?

व्हिएत मिन्ह ही हो ची मिन्ह यांची १९४१ ची आघाडी, फ्रेंच-जपान्यांविरुद्धची. व्हिएत काँग हे दक्षिणेतल्या बंडखोरांना विरोधकांनी दिलेलं नाव, ते स्वतःला राष्ट्रीय मुक्ती आघाडी म्हणायचे, स्थापना डिसेंबर १९६०. एनव्हीए म्हणजे उत्तर व्हिएतनामचं रीतसर सैन्य. सूत्रं हनोईच्या हातात असली तरी माणसं वेगळी होती, आणि १९६८ च्या टेट (व्हिएतनामी नववर्षाचा सण) हल्ल्यात दक्षिणेतले बंडखोर इतके मारले गेले की पुढचं युद्ध मुख्यतः उत्तरेच्या सैन्यानेच लढलं.

७. व्हिएतनामने शिवाजी महाराजांचा गनिमी कावा वाचून अमेरिकेला हरवलं, हे खरं आहे का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. तो फॉरवर्ड तुम्हीही वाचला असेल, व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांनी म्हणे महाराजांना गुरू मानलं, कोणी मंत्री रायगडावर येऊन माती घेऊन गेले वगैरे. नीट बघा, त्यात राष्ट्राध्यक्षाचं नाव नसतं, भाषणाची तारीख नसते, ठिकाण नसतं. यावर विश्वास ठेवू नका आणि पुढे पाठवू नका, प्लीज.

व्हिएतनामी लोक स्वतः ज्यांची नावं घेतात ते त्यांचेच: १२८८ मधे बाख डांग नदीत टोकदार खुंट रोवून भरती-ओहोटीच्या हिशोबाने मंगोलांचं आरमार अडकवणारा चान हुंग दाओ, पंधराव्या शतकात मिंग सैन्याला हाकलणारा ले लोई, आणि १७८९ च्या टेट सणात चिनी फौजेवर अचानक तुटून पडलेला न्गुएन हुए. १९६८ चा हल्ला टेटमधेच का केला याचं उत्तर त्यात दिसतं बघा. शिवाय हे युद्ध फक्त गनिमी काव्याने जिंकलेलंच नाही, दिएन बिएन फू (प्रश्न ३) हा वेढा होता आणि १९७५ ला सायगाव घेतलं ते रणगाड्यांनी.

सह्याद्रीत महाराजांनी जे केलं आणि मेकाँगच्या चिखलात त्यांनी जे केलं त्यात साम्य जरूर आहे, डोंगर-जंगल ओळखणारा माणूस मोठ्या फौजेला नाकी नऊ आणतोच. त्यावर अभ्यास व्हावा. पण महाराजांचं मोठेपण खोट्या सर्टिफिकेटवर उभं करणं मला मनापासून खटकतं, त्यांना त्याची गरज नाही.

८. बाहेरून फक्त अमेरिकाच होती का?

अजिबात नाही. दक्षिणेच्या बाजूने दक्षिण कोरियाने सगळे मिळून ३ लाखांहून जास्त सैनिक पाठवले, ऑस्ट्रेलियाने जवळपास ६० हजार, शिवाय थायलंड, फिलिपिन्स, न्यूझीलंड. उत्तरेला रशियाची क्षेपणास्त्रं आणि सल्लागार, आणि चीनचे १९६५ ते ६९ मधे मिळून ३ लाखांवर लोक, रस्ते-रेल्वे दुरुस्त करणारे आणि विमानविरोधी तोफा चालवणारे. चीन आणि रशियाचं आपापसांत वाकडं होतं, त्यामुळे हनोईला दोघांकडून मदत घेत दोघांनाही सांभाळावं लागायचं. पुढचा सगळा कंबोडियाचा गुंता तिथूनच सुरू होतो.

९. कंबोडिया तर तटस्थ होता. मग त्याच्यावर बाँब का टाकले?

कारण उत्तरेतून दक्षिणेत रसद नेणारी हो ची मिन्ह वाट लाओस-कंबोडियाच्या जंगलातून जायची आणि सीमेलगत व्हिएतनामी कम्युनिस्टांचे तळ होते. म्हणजे कंबोडियाची तटस्थता आधी त्यांनी मोडली, हे विसरून चालणार नाही. १८ मार्च १९६९ पासून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या हुकमाने बी-५२ विमानांनी तिथे गुपचूप बाँब टाकायला सुरुवात केली, अमेरिकेच्या काँग्रेसला पत्ता लागू नये म्हणून खोट्या नोंदी ठेवल्या. टप्प्यांची सांकेतिक नावं होती ब्रेकफास्ट, लंच, डिनर. मला हे वाचून पहिल्यांदा पोटात कसंतरी झालं होतं, अजूनही होतं.

पुढे उघड बाँबफेक झाली ती १५ ऑगस्ट १९७३ पर्यंत. शेवटच्या दिवसांतली एक गोष्ट, मेकाँगकाठी न्याक लुआंग नावाचं गाव आहे, ते अमेरिकेच्या मित्र सरकारच्या ताब्यात होतं. विमानांना दिशा कळावी म्हणून गावात एक रेडिओ यंत्र लावलेलं, तिथून ठराविक अंतर मोजून पुढे बाँब टाकायचे असत. ६ ऑगस्ट १९७३ ला एका विमानात ते अंतर लावणारा खटका फिरवायचा राहिला आणि सगळे बाँब थेट यंत्रावर, म्हणजे भर गावात पडले. १३७ माणसं मेली.

कंबोडियावर एकूण साधारण ५ लाख टन बाँब पडले. इंटरनेटवर २७ लाख टन असा आकडा फिरतो, तो ज्यांनी मांडला होता त्यांनीच नंतर कमी केलाय, तेव्हा तो वापरू नका.

१०. सिहानूक नक्की कोण? राजा, पंतप्रधान, की कम्युनिस्टांचा मित्र?

सगळंच, वेगवेगळ्या वेळी. १९४१ ला फ्रेंचांनी १८ वर्षांच्या पोराला गादीवर बसवलं, की हा आपल्या मुठीत राहील. त्याने १९५३ ला लढाई न करता देश स्वतंत्र करून घेतला, १९५५ ला गादी वडिलांना देऊन स्वतः राजकारणात उतरला, आणि पंधरा वर्षं चीन, अमेरिका, व्हिएतनाम सगळ्यांना झुलवत देश युद्धाबाहेर ठेवायचा प्रयत्न केला. विरोधकांना त्याने निर्दयपणे चिरडलं हेही खरं. १८ मार्च १९७० ला तो परदेशात असताना त्याचाच पंतप्रधान आणि सेनापती लोन नोलने त्याला पदावरून काढलं, अमेरिकेने नव्या सरकारला लगेच हात दिला आणि दीड महिन्यात अमेरिकन आणि दक्षिण व्हिएतनामी फौजा कंबोडियात घुसल्या.

रागाच्या भरात सिहानूकने बीजिंगवरून रेडिओवर आवाहन केलं की जंगलात जा आणि लढा. जंगलात होते ख्मेर रूज, म्हणजे कंबोडियाचे कम्युनिस्ट बंडखोर. राजाचा शब्द म्हणजे देवाचा शब्द मानणारी खेड्यातली पोरं त्यांच्यात भरती झाली. याच ख्मेर रूजने नंतर त्याला राजवाड्यात कोंडून ठेवलं आणि त्याची स्वतःची मुलं-नातवंडं मारली. १९९३ ला तो परत राजा झाला, २००४ ला गादी सोडली, २०१२ ला बीजिंगमधे वारला.

११. ख्मेर रूजचं लोकांनी स्वागत केलं होतं म्हणतात, ते कसं शक्य आहे?

१७ एप्रिल १९७५ ला ते नॉम पेन्हमधे शिरले तेव्हा लोक रस्त्यावर येऊन पांढरी फडकी हलवत होते, कारण पाच वर्षांचं युद्ध संपलं एवढंच त्यांना कळत होतं. शहरात खेड्यांतून पळून आलेले निर्वासित खच्चून भरलेले, २० लाखांच्या वर माणसं. काही तासांत भोंगे सुरू झाले, अमेरिका बाँब टाकणार आहे, दोन-तीन दिवसांसाठी शहर सोडा. हॉस्पिटलंसुद्धा रिकामी केली, नातेवाईक पेशंटला कॉटसकट ढकलत एप्रिलच्या उन्हात चाललेले. ते दोन-तीन दिवस पावणेचार वर्षं चालले.

पैसा बंद, बाजार बंद, शाळा बंद, देवळं बंद. हुकूम देणारी ती "अंगकार", म्हणजे संघटना, तिला चेहरा नाही. वरचा माणूस पोल पॉट, खरं नाव सालोथ सार, पॅरिसला रेडिओचं तंत्र शिकायला गेलेला. हेक्टरी तीन टन भात काढा असं वरून ठरलं, तेवढा निघत नव्हता, खालचे अधिकारी भीतीने निघाला म्हणून कळवायचे, मग तो धान्याचा वाटा वर जायचा आणि पिकवणारे पाण्यासारखी पेज पिऊन मरायचे. चाम मुसलमान, व्हिएतनामी, शिकलेले, जुन्या सरकारातले, आणि शेवटी त्यांचेच कार्यकर्ते, सगळे मारले. जवळपास ७८ लाखांच्या देशात १५ ते २० लाख गेले, त्यातले निम्म्याच्या आसपास थेट कत्तलीत, बाकीचे भूक, आजार आणि कामाने.

अमेरिकेच्या बाँबमुळेच ख्मेर रूज आले का, असंही विचारतात. बाँबने त्यांना माणसं मिळवून दिली, सिहानूकच्या आवाहनाने दिली, सुरुवातीला व्हिएतनामी कम्युनिस्टांनी प्रशिक्षण दिलं, चीनने शस्त्रं दिली. पण सत्तेवर आल्यावर जे केलं ते त्यांनी स्वतः ठरवून केलं, त्याचं खापर दुसऱ्या कोणावर फोडता येणार नाही.

१२. दोघंही कम्युनिस्ट, मग व्हिएतनामने कंबोडियावर हल्ला का केला?

कम्युनिस्ट हे नाव सारखं, पण भांडण जुनं. मेकाँगचा त्रिभुज प्रदेश एके काळी ख्मेर, म्हणजे कंबोडियन लोकांचा, सायगावचं जुनं ख्मेर नाव प्रेय नोकोर. तो हळूहळू व्हिएतनामकडे गेला, वर फ्रेंचांच्या काळातले कारकून (प्रश्न १), त्यामुळे "व्हिएतनाम आपल्याला गिळणार" ही भीती पोल पॉटने शोधून काढलेली नाही, त्याने फक्त ती पराकोटीला नेली. १९७५ च्या मे महिन्यातच ख्मेर रूजने व्हिएतनामच्या बेटांवर हल्ले केले, मग सीमेवरची गावं. एप्रिल १९७८ मधे बा चुक गावात बारा-तेरा दिवसांत ३,१५७ माणसं मारली.

पोल पॉटच्या पाठीशी चीन, व्हिएतनामने नोव्हेंबर १९७८ ला रशियाशी करार केला आणि २५ डिसेंबरला दीड लाख सैन्य आत घातलं. ७ जानेवारी १९७९ ला नॉम पेन्ह घेतलं. रिकाम्या शहरात फिरताना व्हिएतनामी छायाचित्रकारांना एका शाळेकडून कुजका वास आला, ती शाळा म्हणजे ख्मेर रूजचा छळाचा तुरुंग, तुओल स्लेंग (प्रश्न १८ आणि २०).

१३. मग व्हिएतनामने कंबोडियाला वाचवलं की बळकावलं?

दोन्ही. नरसंहार थांबवायला जगात दुसरं कोणीही पुढे आलं नव्हतं, व्हिएतनामी सैन्य आलं म्हणून लाखो लोक जगले, हे मी कोणाशीही भांडून सांगेन. पण ते दयेपोटी गेले नव्हते, आपली सीमा आणि आपला वरचष्मा यासाठी गेले, आणि दहा वर्षं, सप्टेंबर १९८९ पर्यंत, तिथेच राहिले. त्यांनी बसवलेलं हेंग समरिनचं सरकार त्यांच्या सल्लागारांच्या शब्दावर चालायचं. थायलंडच्या सीमेवर अडथळे आणि सुरुंगांचा पट्टा टाकायला हजारो कंबोडियन सक्तीने नेले, त्यातले कितीतरी मलेरियाने मेले. आजही कंबोडियात ७ जानेवारीला कोणी मुक्तिदिन म्हणतो, कोणी ताबा घेतला तो दिवस, आणि एकाच घरात दोन्ही मतं असतात.

१४. एवढं करून यूएनमधे ख्मेर रूजचीच माणसं बसली होती म्हणतात, हे खरं?

खरं आहे, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. सप्टेंबर १९७९ ला आमसभेत मतदान झालं, ७१ विरुद्ध ३५, कंबोडियाची खुर्ची पोल पॉटच्या सरकारकडेच राहिली. चीन, अमेरिका, ब्रिटन, आसियान म्हणजे आग्नेय आशियातले देश, सगळे एका बाजूला, कारण मुद्दा व्हिएतनामला आणि त्यामागच्या रशियाला धडा शिकवायचा होता. १९८२ ला ख्मेर रूजने सिहानूक आणि कम्युनिस्टविरोधी नेते सोन सान यांना सोबत घेऊन आघाडी केली, पण शस्त्रं आणि लढणारी माणसं मुख्यतः ख्मेर रूजचीच. थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांतून मदतीचं अन्न त्यांनाही पोचायचं.

भारताने जुलै १९८० मधे, इंदिरा गांधींच्या सरकारने, हेंग समरिन सरकारला मान्यता दिली. कम्युनिस्ट गटाबाहेरचे फार थोडे देश असं वागले. अर्थात त्यात रशियाशी असलेली मैत्री होतीच. त्याच संबंधांतून आपलं पुरातत्त्व खातं १९८६ ते ९३ अंकोर वाटच्या डागडुजीला गेलं, युद्ध चालू असताना. त्यांनी दगड साफ करायला रसायनं वापरली म्हणून टीका झाली, टूरवरचे गाइडही ते सांगतात, पण तेव्हा दुसरं कोणी जायला तयार नव्हतं हे सहसा सांगत नाहीत.

१५. चीननेही व्हिएतनामवर हल्ला केला होता ना?

हो, १७ फेब्रुवारी ते १६ मार्च १९७९. "धडा शिकवायला" म्हणून. त्या वेळी आपले परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी चीनच्या दौऱ्यावर होते, १९६२ नंतरची पहिली मोठी भेट, ते दौरा अर्धवट टाकून परत आले. लांग सोन वगैरे सीमेवरची शहरं उद्ध्वस्त करून चिनी सैन्य मागे गेलं, दोघांनीही विजय जाहीर केला, आणि सीमेवरच्या चकमकी पुढे अनेक वर्षं चालल्या. व्हिएतनामने कंबोडिया मात्र सोडला नाही.

१६. लाओसचं नाव कोणी घेत नाही, तिथे काही झालं नाही का?

झालं, आणि खूप झालं. १९६४ ते ७३ मधे तिथे २० लाख टनांहून जास्त बाँब पडले, लोकसंख्येच्या मानाने जगात सगळ्यात जास्त. क्लस्टर बाँबमधली चेंडूएवढी बाँबुली आजही शेतात निघतात, मुलं खेळायला उचलतात. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, इथे एवढंच.

१७. मग शांतता आणली कोणी? यूएनने?

रशियाचे पैसे आटले, व्हिएतनाम निघून गेला, आणि २३ ऑक्टोबर १९९१ ला पॅरिसमधे करार झाला. मग १९९२-९३ ला यूएनने जवळपास देशच चालवायला घेतला, २० हजारांवर माणसं, त्यात भारताचे जवानही. थायलंडच्या सीमेवरून ३ लाख ६० हजारांच्या आसपास निर्वासित परत आणले. मे १९९३ ला मतदान झालं, ख्मेर रूजने धमक्या देऊनही जवळपास ९० टक्के लोक आले. १२० जागांपैकी सिहानूकच्या मुलाच्या पक्षाला ५८, तेव्हाचा पंतप्रधान हुन सेन याच्या पक्षाला ५१. हरलेल्या हुन सेनने सत्ता सोडायला नकार दिला, आणि तोडगा काय निघाला तर दोन पंतप्रधान! १९९७ ला त्याने दुसऱ्याला बळाने घालवलं. हा हुन सेन मूळचा ख्मेर रूजचाच कमांडर, १९७७ ला जीव वाचवून व्हिएतनामला पळालेला. २०२३ ला पंतप्रधानपद सोडलं ते मुलाकडे देऊनच. निवडणूक चांगली झाली, पण शस्त्रं कोणाच्या हातातून निघाली नाहीत, तिथे गाडी अडली.

१८. शेवटी शिक्षा कोणाला झाली?

तिघांना. पोल पॉट १९९८ ला जंगलात मेला, जुन्या टायरांच्या ढिगावर जाळला. न्यायालय उभं राहायलाच २००६ उजाडलं, ३३ कोटी डॉलरच्या वर खर्च झाला. तुओल स्लेंग तुरुंगाचा प्रमुख डुइक, हा आधी गणिताचा शिक्षक, आणि नुओन चेआ, खिउ सम्फान हे दोन वरचे नेते, तिघांनाही जन्मठेप. २०१८ च्या निकालात व्हिएतनामी आणि चाम लोकांबाबत नरसंहार हा शब्द अधिकृतपणे आला. बाहेरून मदत करणाऱ्या एकाही देशाचा माणूस आरोपी नव्हता, कोर्टाची हद्दच १७ एप्रिल १९७५ ते ६ जानेवारी १९७९ एवढी आखलेली, त्यामुळे आधीचे बाँब (प्रश्न ९) आणि नंतरची यूएनमधली खुर्ची (प्रश्न १४) दोन्ही आपोआप बाहेर.

१९. आता तिथे फिरायला धोका आहे का? सुरुंग, विषारी फवारणी वगैरे?

सिएम रीप, नॉम पेन्ह, व्हिएतनामची शहरं, काही काळजी नको. ग्रामीण भागात, खासकरून कंबोडियाच्या वायव्येला, मळलेली वाट सोडू नका, लाल कवटीची पाटी दिसली तर फोटोसाठीही पुढे जाऊ नका. थायलंडच्या सीमेवर २०२५ मधे परत लढाई झाली, तिकडची देवळं बघायची असतील तर त्या वेळची परिस्थिती विचारूनच जा. एजंट ऑरेंज आणि तसली झाडं मारणारी रसायनं १९६१ ते ७१ मधे कोट्यवधी लिटर फवारली, त्यातलं डायॉक्सिन हे विष जुन्या अमेरिकन हवाई तळांच्या मातीत साठलं. दा नांगची सफाई २०१८ ला पूर्ण झाली, बिएन होआची चालू आहे. पर्यटकाला त्याचा त्रास नाही, त्रास आहे तो तिथे जन्मलेल्या मुलांना.

२०. तुओल स्लेंगला मुलांना न्यावं का?

दहावीच्या पुढच्या मुलांना न्या, पण आदल्या दिवशी हॉटेलवर बसून प्रश्न ११ तरी सांगा. लहानांना नको. ती खरंच शाळा आहे, आपल्याकडच्या जिल्ह्याच्या गावातल्या हायस्कूलसारखी, तीन मजली, लांब व्हरांडे, पिवळ्या-पांढऱ्या फरशा. वर्गात मधोमध एक लोखंडी कॉट, तिला बेड्या. दुसऱ्या इमारतीत वर्गांच्या आत विटांच्या भिंती घालून एक माणूस जेमतेम बसेल अशा खोल्या केलेल्या, त्या विटा ओबडधोबड आहेत, चुना बाहेर आलेला, घाईत बांधल्याचं कळतं, आणि भिंतीवर फळा तसाच आहे. मैदानात मुलांच्या कवायतीसाठीचा उंच लाकडी सांगाडा, त्याला माणसं उलटी टांगायचे. बाहेर नियमांची पाटी आहे, त्यात एक नियम असा की मार खाताना रडायचं नाही.

आत गेलेल्या हजारोंपैकी जेमतेम डझनभर मोठी माणसं वाचली. वान नात नावाचा चित्रकार पोल पॉटची चित्रं काढायला हवा म्हणून वाचला, नंतर त्याने तिथे जे पाहिलं ते रंगवलं, ती चित्रं भिंतीवर आहेत. फोटोंच्या दालनात घाई करू नका, टूरवाले चाळीस मिनिटं देतात, भांडून दोन तास मागून घ्या. बाहेर अंगणात चाफ्याची झाडं आहेत, खाली बाक आहेत. माझी भाची तिथे बसून बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने एवढंच विचारलं की यांचा वर्ग कितवा होता.